शॉर्टवेव्ह मेल्यासारखी वाटते तेव्हा: बँड बंद, घरात गोंगाट की रेडिओ बहिरा?

तक्रार तीच असते, महिन्या-दोन महिन्यांनी नव्याने येणारी. काल संध्याकाळी पुण्यात १४ मेगाहर्ट्झवर हाँगकाँग आणि इस्रायलचे बीकन (बँड तपासता यावा म्हणून ठरल्या वेळी संकेत सोडणारी केंद्रं) खणखणीत वाजत होते. आज त्याच वेळी, त्याच रेडिओवर, त्याच तारेवर नुसती सरसर. मग कोणी गच्चीवर जाऊन अँटेना उतरवतो, कोणी कनेक्टर कापून नव्याने सोल्डर करतो. दोन दिवसांनी सगळं पुन्हा ऐकू येतं आणि श्रेय त्या कनेक्टरला मिळतं. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

असं होतं कारण शांतता ऐकून तिचं कारण कळत नाही. आयनांबराने (शॉर्टवेव्ह लहरी परत जमिनीकडे वळवणाऱ्या वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरांनी) त्या दिशेचा रस्ता बंद केलेला असतो, किंवा आजूबाजूच्या विजेच्या उपकरणांच्या गोंगाटात सिग्नल बुडालेला असतो, किंवा अँटेना, कोॲक्स (अँटेनापासून रेडिओपर्यंतची केबल), रेडिओ यांपैकी कशात तरी खरंच बिघाड असतो. चौथं कारण सगळ्यात साधं आणि सगळ्यात जास्त वेळ खाणारं: ते केंद्र त्या क्षणी प्रक्षेपणच करत नसतं. एकच केंद्र ऐकून यातलं काहीही ठरवता येत नाही. वेगवेगळ्या दिशांची, वेगवेगळ्या अंतरांवरची केंद्रं जोडीने ऐकावी लागतात, आणि सिग्नल गेला तेव्हा मागची सरसर वाढली की कमी झाली, याकडे कान ठेवावा लागतो.

ही सरसर फार मोलाची आहे. निरोगी रेडिओत शॉर्टवेव्हवर ऐकू येणारी सरसर बहुतेक बाहेरून, अँटेनामधून येते. तिच्यात दूरदूरच्या विजांचा कडकडाट आयनांबरावरून परावर्तित होऊन आलेला असतो. आयनांबरात शोषण वाढलं की सिग्नल आणि ही सरसर दोन्ही एकत्र खाली बसतात. सिग्नल गेला आणि सरसर वाढली, तर शोध घरात घ्यायचा. सिग्नल गेला आणि सरसरही बसली, तर एक तर आयनांबर, नाहीतर अँटेनाची वाट तुटलेली. या दोन्हींतला फरक पुढच्या दहा मिनिटांत कळतो.

आधी दहा मिनिटं घरात

रेडिओ १४ मेगाहर्ट्झच्या आसपास रिकाम्या जागी लावा, फिल्टर ५०० हर्ट्झ किंवा मिळेल तेवढा अरुंद, एजीसी (आवाजाची पातळी आपोआप सारखी ठेवणारी सोय) शक्य असेल तर बंद. अँटेनाची केबल काढा आणि पुन्हा लावा. लावल्यावर सरसर ठळक वाढली पाहिजे. वाढली नाही, तर सिग्नल रेडिओपर्यंत पोचतच नाहीये: कोॲक्स, कनेक्टर, अँटेना-स्विच, किंवा चुकून चालू राहिलेला ॲटेन्युएटर (सिग्नल मुद्दाम कमी करणारं बटण). २८ मेगाहर्ट्झवर हा फरक शांत जागी दोन-तीन डेसिबलच असतो, म्हणून ही चाचणी खालच्या बँडवर करायची.

मग मीडियम वेव्हवर या, ७९२ किलोहर्ट्झ, आकाशवाणी पुणे. दिवसा हा सिग्नल जमिनीलगत येतो, आयनांबराशी त्याचा संबंध नाही. त्याची पातळी चांगल्या दिवशी एकदा लिहून ठेवलेली असेल तर हा फुकटचा सिग्नल जनरेटर आहे: पातळी जशीच्या तशी असेल तर रेडिओचा पुढचा भाग बहुतेक ठीक. मात्र अँटेना अर्धी तुटली तरी इतकं जवळचं केंद्र ऐकू येतच राहतं, म्हणून या चाचणीवरून अँटेनाला निर्दोष ठरवू नका. उलट १० मेगाहर्ट्झवर मराठी बातम्या पुसटशा ऐकू येत असतील तर रेडिओ त्या जवळच्या केंद्राने भारावला आहे. आरटीएल-एसडीआर डाँगल (संगणकाला जोडायचा छोटा रेडिओ) थेट सॅम्पलिंगवर चालवताना हे हमखास होतं. गेन कमी करा किंवा १.७ मेगाहर्ट्झच्या खालचं सगळं कापणारा हायपास फिल्टर लावा.

तिसरी चाचणी गोंगाटाची. रेडिओ बॅटरीवर घ्या आणि घराचा मुख्य एमसीबी खाली करा. इन्व्हर्टर असेल तर तोही बंद, नाहीतर एमसीबी पाडल्यावर तोच जागा होऊन नवा गोंगाट सुरू करतो. सरसर झपकन बसली तर गुन्हेगार घरात आहे. एकेक सर्किट चढवत शोधा. बसली नाही तर सोसायटीत किंवा रस्त्यावर.

गोंगाटाच्या काही खुणा ओळखीच्या आहेत. मोबाइल चार्जर, सीसीटीव्हीचे ॲडाप्टर, सेट-टॉप बॉक्स यांचा गोंगाट ठरावीक किलोहर्ट्झच्या अंतराने उंचवट्यांसारखा दिसतो आणि हळूहळू सरकतो. स्वस्त एलईडी दिव्यांची १०० हर्ट्झची घरघर असते. विजेच्या खांबावरच्या खराब इन्सुलेटरची करकर कोरड्या हवेत वाढते आणि पाऊस लागला की बरेचदा थांबते. लिफ्टची मोटर चालवणाऱ्या ड्राइव्हचा गोंगाट लिफ्टबरोबर येतो-जातो. गणेशोत्सवात आणि दिवाळीत पेठांमध्ये रोषणाईमुळे संध्याकाळची पातळी चढते. त्या दहा-पंधरा दिवसांची नोंद बँडच्या खात्यात धरू नका.

सगळ्यात फसवा आहे गच्चीवरचा सोलर इन्व्हर्टर. तो उन्हाबरोबर जागा होतो, दुपारी कळसाला जातो, सूर्यास्ताला झोपतो. आयनांबराच्या सगळ्यात खालच्या, डी थरातलं शोषणही नेमक्या याच वेळापत्रकाने चालतं. ‘दुपारी १० मेगाहर्ट्झ मरतो’ अशी तक्रार असलेल्या सोसायटीत सोलर बसवला आहे का, हे आधी पाहा. ओळखायची रीत वर आली तीच: शोषणात सरसर खाली बसते, इन्व्हर्टरने ती चढते. एखादा ढग येऊन पाच मिनिटांसाठी गोंगाट बदलला, तर शंकाच नको.

आता केबलवरून येणारा गोंगाट अडवणाऱ्या फेराइटच्या कड्यांबद्दल. केबलवर टचकन बसणारी छोटी फेराइटं बहुधा ३० मेगाहर्ट्झच्या वरच्या कामासाठी बनवलेली असतात. एका वेढ्याने शॉर्टवेव्हवर काही हाती लागत नाही. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जुन्या उपकरणांतली फेराइट रिंग स्वस्तात मिळते, पण तिचं मिश्रण कोणतं ते कळत नाही. अँटेनाच्या केबलसाठी एफटी-२४०-३१ रिंगवर आरजी-५८ चे १० ते १२ वेढे घ्या. असा वेढ्यांचा एक चोक अँटेनाच्या टोकाशी, दुसरा केबल घरात शिरते तिथे. चार्जरच्या वायरसाठी लहान रिंग चालते, पण वेढे आठ-दहा हवेतच.

घरचा गोंगाट नक्की किती, हे एका सकाळी कळू शकतं. छोटा एसएसबी रेडिओ (आवाज नसलेली लहरही शिट्टीसारखी ऐकवणारा) आणि १० मीटर तार घेऊन वेताळ टेकडीवर जा आणि घरी ऐकता तेच बीकन त्याच तासाला ऐका. मोजायचं कसं, ते बीकनच्या भागात येतं. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभारताना मानवनिर्मित रेडिओ-गोंगाट कमी असणं हे जागा निवडीच्या कारणांपैकी एक होतं. टेकडीवर दहा मिनिटं ऐकलं की त्या निवडीचा अर्थ कानांनीच कळतो.

वेळ-केंद्रं: कोण, कुठे आणि कधी गप्प

अचूक वेळेचे ठोके प्रसारित करणाऱ्या केंद्रांपैकी पुण्यासाठी सगळ्यात उपयोगी दोन: चीनचं बीपीएम आणि मॉस्कोचं आरडब्ल्यूएम. अंतर अनुक्रमे सुमारे ३,९५० आणि ५,१०० किलोमीटर. एक ईशान्येला, दुसरं वायव्येला. दोन दिशांवर दोन कायमचे दिवे लावून ठेवल्यासारखे.

बीपीएम ५ आणि १० मेगाहर्ट्झवर चोवीस तास असतं. १५ मेगाहर्ट्झवर मात्र ०१:०० ते ०९:०० यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), म्हणजे आपल्याकडे सकाळी ६:३० ते दुपारी २:३०. ‘रोज दुपारी अडीचला १५ मेगाहर्ट्झ अचानक बंद पडतो’ ही तक्रार इथून येते. बँड बंद पडलेला नसतो, केंद्र थांबलेलं असतं. अडीचनंतर १४.९९६ वर आरडब्ल्यूएम ऐका. २.५ मेगाहर्ट्झवरचं बीपीएम दुपारी १ ते सकाळी ६:३०. पुण्यात ते रात्रीच ऐकण्यासारखं.

बीपीएमचे ठोके तासाच्या १० ते १५ आणि ४० ते ४५ मिनिटांत बंद असतात, फक्त वाहक (आवाज न चढवलेली मूळ लहर) चालू असतो. त्या पाच मिनिटांत एएमवर काहीच ऐकू येत नाही म्हणून रेडिओची गुंडी फिरवत बसू नका. एसएसबीवर घ्या, शिट्टी ऐकू येईल. २५ ते २९ आणि ५५ ते ५९ मिनिटांत ठोके लांब होतात, ‘टक’ऐवजी ‘टूं’. तेव्हा ते यूटी१, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्यावरून मोजलेली वेळ देत असतं. २९ आणि ५९ व्या मिनिटाला मोर्समध्ये नाव आणि मग चिनी भाषेत बाईचा आवाज.

आरडब्ल्यूएम ४.९९६, ९.९९६ आणि १४.९९६ मेगाहर्ट्झवर आहे आणि ते ऐकू न येण्याचं पहिलं कारण चुकीचा मोड. त्याच्यावर आवाजाचं मॉड्युलेशन नाही. एएमवर ठेवलं तर सरसर थोडी दबते, मीटर उचलतो, ऐकू काही येत नाही. सीडब्ल्यू (मोर्सचा मोड) लावा किंवा यूएसबीमध्ये (एसएसबीचा वरचा पट्टा) डायल १ किलोहर्ट्झ खाली, म्हणजे ९.९९५ वर ठेवा; १००० हर्ट्झची शिट्टी येईल. दर अर्ध्या तासाचं चक्र असं: पहिली जवळपास आठ मिनिटं सलग वाहक, मग एक मिनिट पूर्ण शांतता, नवव्या मिनिटाला मोर्समध्ये नाव, दहाव्यापासून सेकंदाचे ठोके, विसाव्यापासून सेकंदाला दहा ठोके. आठव्या मिनिटाची ती शांतता ‘खोल फेडिंग’ म्हणून लिहिलेली पुष्कळदा दिसते. देखभालीसाठीही हे केंद्र अधूनमधून दिवसा बंद असतं.

याच शिट्टीवरून रेडिओची फ्रिक्वेन्सी तपासून घ्या. ९.९९५ वर यूएसबीमध्ये १००० ऐवजी १०१२ हर्ट्झ मिळाले, तर रेडिओ १२ हर्ट्झ खाली आहे, म्हणजे सुमारे १.२ पीपीएम (दहा लाखांत १.२ भाग). आयनांबराच्या हालचालीने होणारा फरक एरवी एक-दोन हर्ट्झच्या आतला असतो, तो सोडून द्या. पण चूक ३० पीपीएम निघाली तर १४.१०० वर तुम्ही ४२० हर्ट्झ बाजूला बसला आहात आणि ५०० हर्ट्झच्या फिल्टरने बीकन बाहेर ठेवला आहे. बँड मेला नव्हता, फिल्टरचं दार चुकलं होतं.

अमेरिकेची दोन केंद्रं: कोलोरॅडोतलं डब्ल्यूडब्ल्यूव्ही आणि हवाईतलं डब्ल्यूडब्ल्यूव्हीएच. पहिल्यावर पुरुषाचा आवाज मिनिटाच्या साडेसात सेकंद आधी, दुसऱ्यावर बाईचा आवाज पंधरा सेकंद आधी. ठोके अनुक्रमे १००० आणि १२०० हर्ट्झचे. १० मेगाहर्ट्झवर ही दोन्ही आणि बीपीएम एकाच जागी असतात. बाईचा आवाज ऐकून ‘हवाई!’ म्हणण्याआधी भाषा आणि वेळ पाहा. एकाच सेकंदाला दोन ठोके ऐकू आले तर अंतरही कळतं: बीपीएम मुद्दाम २० मिलिसेकंद आधी ठोका सोडतं आणि तो पुण्यात सुमारे १३ मिलिसेकंदांत पोचतो, हवाईहून १२,६०० किलोमीटर यायला ४२ मिलिसेकंद लागतात. दोन्हींत पन्नासेक मिलिसेकंदांची फट पडते आणि कानाला ‘ट-टक’ असं जोडठोक ऐकू येतं. डब्ल्यूडब्ल्यूव्ही नक्की हवं असेल तर २० मेगाहर्ट्झ पाहा, तिथे बीपीएम नाही.

जुन्या भारतीय पुस्तकांत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचं एटीए हे केंद्र १० मेगाहर्ट्झवर दिलेलं असतं. ते बंद झालं आहे. ते ऐकू येत नाही म्हणून रेडिओला दोष देऊ नका. जपानचं जेजेवाय शॉर्टवेव्हवर २००१ मध्ये थांबलं.

बीकन: घड्याळ बरोबर असेल तर मोर्स यायला हवं असं नाही

एनसीडीएक्सएफ आणि आयएआरयू या हौशी रेडिओ संस्थांच्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात १८ बीकन आहेत आणि पाच फ्रिक्वेन्सी: १४.१००, १८.११०, २१.१५०, २४.९३० आणि २८.२०० मेगाहर्ट्झ. प्रत्येकाला दहा सेकंद, तीन मिनिटांत फेरी पूर्ण. दहा सेकंदांत आधी मोर्समध्ये नाव, मग एकेक सेकंदाच्या चार रेघा. नाव आणि पहिली रेघ १०० वॅट, दुसरी १० वॅट, तिसरी १ वॅट, चौथी ०.१ वॅट.

फेरी तासाच्या सुरुवातीपासून मोजतात, आणि आपला साडेपाच तासांचा फरक इथे आडवा येत नाही, कारण ३० ला ३ ने भाग जातो. घड्याळातल्या मिनिटांना ३ ने भाग गेला की नवी फेरी सुरू. १४.१०० वर फेरीतल्या या वेळा पुण्याच्या कामाच्या:

०:५० पर्थ, ७,२०० किमी
१:०० जपान, ६,४०० किमी
१:१० नोव्होसिबिर्स्क, ४,१०० किमी
१:२० हाँगकाँग, ४,२०० किमी
१:३० कोलंबो, १,४५० किमी
१:४० प्रिटोरिया, ७,००० किमी
१:५० केनिया, ४,६०० किमी
२:०० तेल अवीव, ४,२०० किमी
२:१० फिनलंड, ६,१०० किमी

दीड मिनिटात उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम. तेच केंद्र पुढच्या बँडवर दहा सेकंदांनी येतं: कोलंबो १:३० ला १४.१०० वर, १:४० ला १८.११० वर, १:५० ला २१.१५० वर, मग २४.९३० आणि २:१० ला २८.२०० वर. पाच मेमरी भरून ठेवल्या तर पन्नास सेकंदांत एका दिशेचे पाचही बँड तपासून होतात.

मोर्स २२ शब्द वेगाने असतं, नवख्याला पकडता येत नाही. पण ओळख घड्याळावरूनच पटते. कोलंबोचं ४एस७बी मात्र कानाला लवकर सवयीचं होतं: डिडिडिडिडा, डिडिडिट, डाडाडिडिडिट, डाडिडिडिट. घड्याळ दोन-तीन सेकंदांनी चुकलं तरी कानाने ओळखणाऱ्याचं भागतं. आपोआप नोंद करणारं सॉफ्टवेअर मात्र शेजारच्या केंद्राचं नाव लावतं. हाँगकाँग कधीच येत नाही आणि नोव्होसिबिर्स्क रोज जोरात, अशी नोंद दिसली तर आधी संगणकाचं घड्याळ पाहा. इंटरनेट नसेल तर बीपीएमचे ठोके पुरतात, पण ते ठोके लहान असतानाचे घ्या.

रेघा मोजणं हीच खरी मोजपट्टी. दर रेघेला १० डेसिबल. चारही ऐकू आल्या तर सिग्नल सरसरीच्या निदान ३० डेसिबल वर आहे. फक्त पहिली आली तर जेमतेम. रेडिओच्या एस-मीटरवर विसंबू नका, बहुतेकांचे आकडे बँड बदलला की बदलतात. रेघा मात्र सगळ्यांसाठी सारख्या. टेकडीवर तेल अवीवच्या चार रेघा आणि घरी दोन, तर घरचा गोंगाट साधारण २० डेसिबल जास्त. स्वतः प्रक्षेपण करणाऱ्या लायसन्सधारकांनी एक भान ठेवावं: रस्ता दोन्ही दिशांना सारखा असला तरी गोंगाट सारखा नसतो. तिकडचा १० वॅट तुम्हाला ऐकू आला म्हणून तुमचा १० वॅट तिकडे ऐकू जाईलच, असं नाही.

आणि अठरापैकी काही बीकन नेहमीच दुरुस्तीसाठी बंद असतात, कधी महिनोन्‌महिने. कोण चालू आहे याची यादी प्रकल्पाच्या संकेतस्थळावर असते. निदानाला बसण्याआधी ती पाहणं सक्तीचं समजा.

लक्षणं आणि त्यांचा अर्थ

रात्री १४.१०० वर कोलंबो गेलं, हाँगकाँग आणि तेल अवीव अजून आहेत. हा बिघाड नाही. जवळच्या केंद्राची लहर आयनांबरावर उभ्या कोनात आदळते, तिला परत वळवायला जास्त दाट थर लागतो. १,४५० किलोमीटरसाठी कमाल फ्रिक्वेन्सी क्रांतिक फ्रिक्वेन्सीच्या (सरळ वर सोडलेली लहर जिथपर्यंत परत येते त्या फ्रिक्वेन्सीच्या) ढोबळमानाने दुप्पट, चार हजारांच्या आसपास तिप्पट. म्हणून रात्री आधी कोलंबो जातं, मग लांबचे. सकाळी आधी लांबचे येतात, कोलंबो नंतर. उलट २८.२०० वर कोलंबो येत असेल तर थर फारच दाट आहे, किंवा मधल्या ई थरात तात्पुरता दाट ढग जमला आहे. सौरचक्र २५ चा माथा २०२४ च्या सुमारास होऊन गेला. पुढच्या वर्षांत २८ वरची शांतता वाढत जाईल, तिला अँटेनाचा दोष समजू नका.

रात्री साडेआठला हाँगकाँग नाही, तेल अवीव उत्तम. हाँगकाँगला तेव्हा रात्रीचे अकरा, तेल अवीवला संध्याकाळ. पूर्वेचा रस्ता अंधारात, पश्चिमेचा उजेडात. सकाळी सातला चित्र उलटं. ही दोन केंद्रं पुण्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर आहेत, हे आपलं भाग्य; तराजूची दोन पारडी म्हणून वापरा. पारडी एकाआड एक वर-खाली होत असतील तर आयनांबर काम करतंय. दोन्ही पारडी एकदम, सगळ्या तासांना, सगळ्या बँडवर सारखीच खाली गेली आणि तशीच राहिली, तर गच्चीवर जायची वेळ आली.

दुपारी ५ मेगाहर्ट्झ मेलेला, १० मंद, १५ चांगला. रोजचं डी थरातलं शोषण. डेसिबलमध्ये ते साधारण फ्रिक्वेन्सीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतं. ५ वर १० च्या चौपट, १५ च्या नऊपट. सूर्य कलला की क्रमाने १० आणि मग ५ परत येतात. दुपारी बाराला ५ मेगाहर्ट्झवर बीपीएम ऐकू येत नाही म्हणून तार लांबवण्यात अर्थ नाही.

भर दिवसा, दोन-चार मिनिटांत सगळं गेलं. बीपीएम आणि आरडब्ल्यूएम दोन्ही, १० वरही आणि १५ वरही, सरसरसुद्धा बसली, ७९२ किलोहर्ट्झ मात्र जसंच्या तसं. सौरज्वाळा. ज्वाळा एम१ पातळीची असेल तर रेडिओतल्या अडथळ्याला आर१, एम५ ला आर२, एक्स१ ला आर३ अशी तीव्रता देतात. पुण्यातल्या दिवसाला हे होऊ शकतं, मध्यरात्री नाही. वरच्या फ्रिक्वेन्सी आधी सावरतात, खालच्या शेवटी, म्हणून २१.१५० आणि २८.२०० वर कान ठेवा, बँड तिथून परततो. बहुधा काही मिनिटं ते तास-दोन तास. या काळात कनेक्टरला हात लावू नका, नाहीतर श्रेयाचा तोच घोळ पुन्हा होईल.

कोलंबो, हाँगकाँग ठीक. फिनलंड, मॉस्को घोगरे किंवा गायब. भूचुंबकीय वादळ. उत्तरेकडचे रस्ते आधी बिघडतात, आपल्या अक्षांशांतले टिकतात. केपी (भूचुंबकीय खळबळीचा निर्देशांक) ५ च्या वर असेल तर प्रश्न मिटला. यात डब्ल्यूडब्ल्यूव्हीचा उपयोग फार सुंदर आहे: पुणे आणि कोलोरॅडोतलं ते केंद्र यांच्या रेखांशांत जवळजवळ १७९ अंशांचा फरक आहे, त्यामुळे १३,४०० किलोमीटरचा सरळ रस्ता थेट उत्तर ध्रुवावरून जातो. आपला सूर्योदय तो तिकडचा सूर्यास्त. १० किंवा १५ वर ते ऐकू आलंच तर बहुधा पहाटे किंवा दिवेलागणीच्या आसपास. चांगल्या आठवड्यात येणारं ते केंद्र सलग दोन-तीन दिवस गप्प आणि हाँगकाँग नेहमीसारखं, तर ध्रुवावर गडबड आहे. आपल्या भागातलं चुंबकीय मोजमाप अलिबागच्या वेधशाळेत १९०४ पासून चालू आहे. ट्रामच्या विजेचा त्रास नको म्हणून ते कुलाब्याहून तिथे हलवलं. गोंगाटापासून पळणं काही आजचं नाही.

सूर्यास्तानंतर रेघा खरखरीत, फडफडणाऱ्या. शिट्टी स्वच्छ न राहता पंख फडफडल्यासारखी होते, बोलणं असेल तर कळत नाही. रेडिओचा ऑसिलेटर बिघडला असं वाटतं. पुणे चुंबकीय विषुववृत्तापासून फार लांब नाही; ते भारताच्या दक्षिण टोकावरून जातं. तिथल्या एफ थरात (आयनांबराच्या सगळ्यात वरच्या थरात) सूर्यास्तानंतर बुडबुडे उठतात, मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जास्त. खात्री करायला दोन-तीन वेगळ्या केंद्रांवर ऐका. एकावर फडफड आणि दुसरं स्वच्छ, तर दोष आयनांबराचा. सगळ्यांवर अगदी सारखी, आणि सकाळीही तशीच, तर रेडिओचा पॉवर सप्लाय बदलून पाहा.

मे महिन्यात संध्याकाळी ५ मेगाहर्ट्झवर कडकड, २८ वर काही नाही. वळवाच्या विजा. यावर उपाय एकच आणि तो लगेच करायचा: अँटेना रेडिओपासून काढून खिडकीबाहेर.

जूननंतर सगळं हळूहळू कमकुवत, वरच्या बँडवर जास्त. कनेक्टरमधून कोॲक्समध्ये पाणी शिरलं. पाणी शिरलेली केबल एका रात्रीत मरत नाही. जूनमध्ये चार रेघा, जुलैत तीन, ऑगस्टमध्ये दोन, अशी उतरंड दिसते. हे ओळखायला नोंद हवीच, कान महिन्यापूर्वीची पातळी लक्षात ठेवत नाहीत. केबल रेडिओकडून काढून मल्टीमीटर लावा. साध्या डायपोलला (मधोमध केबल जोडलेल्या दोन बाजूंच्या तारेला), मधे फक्त चोक असेल तर, मीटर उघडं सर्किट दाखवतो. किलोओहममध्ये काही वाचलं तर ओल आहे. ९:१ ट्रान्सफॉर्मर असेल तर जवळजवळ शून्य दिसणं साहजिक, तिथे ही चाचणी लागू नाही. ओली केबल वाळवून चालत नाही, जाळी हिरवी-काळी पडली असेल तेवढा भाग कापून टाका. नवीन कनेक्टरवर आधी स्वतःला चिकटणारी रबरी टेप, तिच्यावर साधी इन्सुलेशन टेप, आणि घरात शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ, म्हणजे पाणी तिथून गळून जाईल.

१४.१०० साठी नवीन डायपोल लावणार असाल तर एकूण लांबी सुमारे १०.१ मीटर, प्रत्येक बाजू ५.०५. नुसतं ऐकायला दहा सेंटीमीटर इकडे-तिकडे चालतात. जागा मात्र जपून निवडा. सोसायटीच्या केबल-डक्टपासून दोन मीटर लांब नेलेली वाकडीतिकडी तार त्या डक्टला लागून ताणलेल्या नेटक्या डायपोलपेक्षा जास्त रेघा देते.

नोंदीसाठी रोज चार वेळा पुरतात: सकाळी ७, दुपारी १२, संध्याकाळी ६:३०, रात्री ९. प्रत्येक वेळी १४.१०० आणि २१.१५० ची एकेक फेरी, प्रत्येक बीकनसमोर फक्त रेघांचा आकडा, ० ते ४. शेजारी १० मेगाहर्ट्झचं बीपीएम आणि ९.९९६ चं आरडब्ल्यूएम, आहे की नाही. आणि रिकाम्या जागेवरची सरसर. यादीत बंद असलेल्या बीकनसमोर शून्य लिहू नका, रेघ ओढा. पंधरा दिवसांत पुण्याच्या तुमच्या गच्चीचा तक्ता तयार होतो, आणि पुढच्या वेळी शांतता पसरली की त्या तासाच्या ओळीत तेल अवीवसमोर काय असायला हवं होतं, ते समोर असतं.